घराच्या नावानं घेतलेलं शील

आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात नव्या बाई राहायला आल्या. हसऱ्या आहेत, बोलक्या आहेत. माझ्या दारावरची पंचशील पट्टी बघून म्हणाल्या, "अय्या, तुम्ही बुद्धिस्ट! म्हणजे प्युअर व्हेज असाल ना? किती छान!" मला त्या 'किती छान'चा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. पासष्टी ओलांडलेल्या, सगळा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला एवढ्याशा प्रश्नानं असं व्हावं, हे खरं तर हसण्यासारखं आहे. पण या प्रश्नापायी आमच्या घरानं एक अख्खा हिवाळा काढला आहे आणि त्या हिवाळ्यात माझी अक्का, माझी थोरली बहीण, होती. त्याचं लिहायचं मी आजवर टाळत आले. आठवणी लिहिताना शाळेचं लिहिलं, नळावरच्या भांडणांचं लिहिलं, अक्काचं मात्र प्रत्येक वेळी 'पुढं बघू' म्हणून ठेवून दिलं. आता पुढं फार जागा उरलेली नाही.

सोलापुरात गिरणीच्या मागच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा. दादा, म्हणजे माझे वडील, गिरणीत कामाला. आई आणि अक्का घरी विड्या वळायच्या. त्यामुळे घराला कायम तंबाखूचा वास असायचा. भाकरीला, अंथरुणाला, माझ्या वह्यांनाही. शाळेतल्या मुली वही नाकाला लावून मुद्दाम शिंकायच्या. भोंगा झाला की दादांची शिफ्ट सुटायची, आणि भिंतीपलीकडं नरसम्माच्या घरातले टॉवेलचे माग तेवढे खडखडत राहायचे. नरसम्मा तेलुगू. तिचं आणि आईचं मराठी-तेलुगूची खिचडी करून दिवसभर चालायचं. दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं, आम्हाला निम्मं.

रविवार मटणाचा. मटणवाल्या चाचाच्या दुकानातनं दादा स्वतः आणायचे, हाताला लागलेला वास धोतराला पुसत यायचे आणि आईच्या शिव्या खायचे. आई पाट्यावर काळा मसाला वाटायला बसली की वरवंट्याच्या आवाजानंच तोंडाला पाणी सुटायचं. ज्वारीची भाकरी रश्श्यात कुस्करून आम्ही भुरके मारत खायचो. नळी दादांची. तिच्यावर दुसऱ्या कुणी नजर टाकायची नाही, असा घरचा कायदा होता. अक्का तेवढी तो कायदा मोडायची. दादांच्या ताटातली नळी उचलून ती पळायची आणि दादा हातातला घास तसाच धरून हसत बसायचे. मी तसं केलं असतं तर हसले असते का, मला माहीत नाही. मी कधी करून बघितलं नाही.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं आणि ते तीन महिने वस्तीतल्या बहुतेक घरांत मांस शिजायचं नाही. आश्विन पौर्णिमेला समाप्ती झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी चाचाच्या दुकानापुढं अख्खा विहार उभा! चाचा विचारायचा, "आ गए सब?" आणि सगळे हसायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या वर्षी मात्र समाप्तीला दादा पांढऱ्या कपड्यांत उठले, हात जोडले आणि म्हणाले, "आजपास्नं माज्या घरात जीव शिजनार न्हाय. मरंस्तवर." टाळ्या पडल्या. विहारातल्या भंतेंनी 'साधू, साधू' म्हणून साधुकार दिला. मी तेरा वर्षांची होते. माझी छाती फुगली. दादांकडं विहाराची किल्ली असायची, वाचनाला ते पहिल्या रांगेत बसायचे, आणि आता तर त्यांनी सगळ्यांपेक्षा मोठं काहीतरी केलं होतं. बायकांच्या बाजूला बसलेल्या आईनं पदर पुढं ओढला. तिला कुणी विचारलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दादांना वाईट म्हणावं म्हणून हे लिहीत नाही. त्यांचं लहानपण माढ्याकडच्या एका गावात गेलं. गावात जनावर मेलं की ओढून न्यायला आमच्याच लोकांना बोलावणं यायचं, आणि त्याच्याच मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळायच्या. लहानगे दादा हातात काठी घेऊन कावळे हाकत तिथं बसायचे. पुढं आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी ते सगळं एका फटक्यात बंद झालं. "बंद झालं, पर माज्या नाकातनं वास गेला न्हाय," असं दादा म्हणायचे. शिवाय गिरणीतली डब्याची गोष्ट. त्यांनी डबा उघडला की शेजारचा माणूस हळूच पलीकडं सरकायचा. दादांच्या शपथेत दया किती होती आणि तो सरकणारा माणूस किती होता, याचा हिशेब मला आजही लागत नाही. आईला तो पहिल्या आठवड्यातच लागला होता. चुलीपुढं बसून तिनं विचारलं, "अवो, आता शेंगाची चटनी नेताय न्हवं डब्यात? मग सरकला का कुनी जवळ?" दादा भाकरीचा तुकडा मोडत बसले.

दिवाळीनंतर अक्काचा खोकला जाईना. ती सतरा वर्षांची होती, नाव कमल. दादा तिला कमळी म्हणायचे. वस्तीतल्या पोरींत तिच्यासारखं वाचणारी कुणी नव्हती. विहारात दादांचा घसा बसला की ग्रंथ तीच वाचायची. माझी वेणी घालताना केस इतके आवळायची की माझे डोळे ताणले जायचे, आणि वर म्हणायची, "आता कशी सायबीन दिसतीस!" सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, बेडका तपासला. टीबी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दादांना समोर बसवून सांगितलं, "रोजची सुई आणि गोळ्या, एकही चुकवायची नाही. आणि हिला खायला घाला. दूध द्या, दोन अंडी द्या रोज. हाडं लागलीत हाताला."

दादांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाले, "अंडंबी जीवच की. शेंगदाण्यात त्याच्यापेक्षा लई ताकद हाय." आणि त्यांनी जे म्हटलं ते केलं. पहाटे उठून गवळ्याकडं जायचे आणि समोर पिळून दूध घ्यायचे. शेंगा भाजून, कुटून, गूळ घालून स्वतः लाडू वळायचे. गिरणीत राबलेले ते ओबडधोबड हात लाडू वळताना बघून आईलासुद्धा हसू यायचं. भिजवलेले हरभरे वाटीत घेऊन अक्काच्या उशाशी बसायचे आणि ती एकेक दाणा चघळेपर्यंत हलायचे नाहीत. प्रेमात त्यांनी काही कमी केलं नाही. फक्त अंडं नाही.

आईनं वाद घातला. विहारात नेहमी एक चर्चा रंगायची, की एका लोहाराच्या घरी बुद्धांनी शेवटचं जे जेवण घेतलं ते डुकराचं मांस होतं की अळंबी. दादा अळंबीवाले. आई म्हणाली, "त्ये काय का आसंना, गरिबानं वाढलं आन् त्येनं खाल्लं. वाटीला न्हाय म्हनला न्हाय. तुमी त्येच्याहून मोठं व्हय?" दादा म्हणाले, "मी विहारात बोललोय. चारचौघांत." आईनं पुन्हा तो विषय काढला नाही. ती आपल्या वाटेनं गेली.

ती वाट भिंतीपलीकडं जात होती. नरसम्माकडं कोंबड्या होत्या. दादा शिफ्टला गेले की अक्का तिच्याकडं जायची. नरसम्मा माग थांबवून अंडी उकडायची, समोर बसायची आणि "तिनु पिल्ला, तिनु," म्हणजे खा पोरी, खा, असं म्हणत तिला दोन्ही संपवायला लावायची. पहिल्या दिवशी अक्का रडत खात होती. मग सवय झाली. महिनाभरात तिच्या गालावर थोडी तकाकी आली. दादा खूश होऊन शेजाऱ्यांना सांगायचे, "बघा, शेंगदाण्याची ताकद!" आई खाली मान घालून विडीला दोरा बांधायची. माझं काम सोपं होतं. उंबऱ्यावर बसायचं, आणि दादा अवेळी आले, कमळी कुटं म्हणाले, तर सांगायचं, "नरसम्माकडं कांड्या भरायला गेलीय." मागासाठी सूत कांडीवर भरायचं काम वस्तीतल्या पोरी करायच्याच, त्यामुळे त्यात शंका यायचं कारण नव्हतं. दादांनी पाच-सहा वेळा विचारलं असेल. मी पाच-सहा वेळा सांगितलं.

रोज संध्याकाळी घरात वंदना असायची. दादा अंघोळ करून यायचे, तसबिरींपुढं मेणबत्ती लावायचे आणि आम्ही चौघं पोत्यावर बसायचो. शीलं म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा. मला ते शब्द आवडायचे, आणि माझे उच्चार दादांना आवडायचे हे त्याहून आवडायचं. पण आता चौथं शील आलं, 'मुसावादा', खोटं बोलणार नाही, की बाकीचे तिघं म्हणायचे आणि मी ओठ मिटून बसायची. आई म्हणायची, अक्काही म्हणायची. त्यांना कसं जमतं, याचं मला आश्चर्य वाटायचं. आठ-दहा दिवस गेले. एके संध्याकाळी वंदना झाली आणि दादांनी मेणबत्ती विझवता विझवता विचारलं, "रत्ने, चौथं शील का गिळतीस गं?"

मी सगळं सांगितलं. अंडी, नरसम्मा, कांड्या, उंबरा. कुणी मारलं नव्हतं, दटावलं नव्हतं. गप्प राहता आलं असतं, 'घसा बसलाय' म्हणता आलं असतं. मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावलं की मला खोटं सहन होत नव्हतं. तेही होतं. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी होती की मला दादांची शाबासकी पाहिजे होती. अक्काला मिळायची तशी नळी मला कधी मिळाली नव्हती. निदान खरेपणा तरी माझा असावा. आईनं माझ्याकडं बघितलं ते मी विसरलेले नाही. ती एवढंच म्हणाली, "खरं बोलायलाबी जागा आसती, बाई." शाबासकी मिळाली नाही. दादा उठून बाहेर गेले आणि जेवले नाहीत.

रविवारी विहारात वंदना संपल्यावर दादा उभे राहिले. सदऱ्याच्या खिशातनं किल्ली काढून त्यांनी भंतेंच्या पुढं ठेवली. म्हणाले, "पौर्णिमेला मी बोललो, त्ये माज्या घरात पाळलं गेलं न्हाय. किल्ली दुसऱ्या कुनाकडं तरी द्या." आणि भरल्या विहारात सगळं सांगितलं, माझ्या बोलण्यासकट. आई, अक्का आणि मी बायकांत बसलो होतो. माना वळल्या. अक्काची बोटं माझ्या शेजारी सतरंजीचे धागे ओढत होती. भंते विदर्भातले होते, सावकाश बोलायचे. म्हणाले, "उपासक, त्या पौर्णिमेला मी तुम्हाला थांबवायला हवं होतं. टाळ्या पडल्या, मीही साधुकार दिला. ती माझी चूक. शील ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. तुम्ही तुमचं घेतलं, ते पाळा. पण त्या मुलीचं तुम्ही कसं घेतलं? आजाऱ्याला पथ्य द्यायचं, शील द्यायचं नाही. किल्ली उचला."

दादांनी किल्ली उचलली नाही. पण घरी येताना उपरण्यात बांधून अंडी आणली. आईपुढं ठेवली आणि म्हणाले, "उकड. कमळीला दे." माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, खरं बोलल्याचं शेवटी चांगलंच झालं. पाचच मिनिटं वाटलं.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "दादा, ज्याचं त्यानं घ्यायचं, आसंच म्हनले न्हवं भंते? मग मी माजं घेतलं. मी न्हाय खानार."

"आगं, औशीद म्हनून..."

"औशीद घेती की. गोळी घेती, सुई घेती. अंडं न्हाय. माज्यापायी तुमी किल्ली ठिवली. मला दिसत न्हाय व्हय?"

दादांनी समजावलं, आईनं शिव्या दिल्या, नरसम्मा ताट घेऊन आली आणि ताट घेऊन गेली. अक्का दादांचीच लेक. एकदा बोलली की बोलली. आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली. पाणी पाहिजे असलं तर मी समोर असताना आईला म्हणायची, "आई, हिला सांग तांब्या द्यायला." माझी वेणी आई घालू लागली. वेणी सैल राहायची, शाळेत पोचेपर्यंत सुटायची. मी एकदा अक्काचे पाय धरले. तिनं पाय ओढून घेतले, तेही रागानं नाही, नुसते ओढून घेतले. तेच जास्त लागलं.

पौष गेला. अक्का पुन्हा वाळू लागली. डॉक्टरीणबाई दादांवर ओरडल्या आणि दादांनी निमूट ऐकून घेतलं. इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आशा धरायला नको: अक्का चैत्रात गेली. भर उन्हात, पत्रा तापलेला असताना. पुढं मी नर्स झाले, टीबीच्या वॉर्डात वर्षं काढली. तिथं शेकडो घरांना मी बजावून सांगितलं की माणूस औषधानं बरा होतो, खाणं त्याला बळ देतं. अंडी खाऊन अक्का वाचली असती का? बहुतेक नाही, तिचा आजार त्या काळच्या औषधांना दाद देत नव्हता, असं आज वाटतं. पण त्या दोन महिन्यांत तिच्या अंगात काय राहिलं असतं आणि काय नाही, हे कुणाला सांगता येणार? मी तोंड उघडलं नसतं तर ती खात राहिली असती, एवढं नक्की आहे. कधी वाटतं दादांची शपथ, कधी वाटतं अक्काचा हट्ट, पण फिरून फिरून मी त्या पोत्यावर येऊन बसते. मला कुणी माफ करावं असं मी म्हणत नाही. माघातली एक दुपार मात्र माझ्याजवळ आहे, ती लिहून ठेवायची आहे.

त्या दुपारी दादा गिरणीत गेलेच नाहीत. वीज नव्हती म्हणून नरसम्माचे मागही थांबले होते आणि वस्ती कधी नव्हे इतकी गप्प होती. अक्का वाकळीवर पडून होती. दादांनी स्वतः चुलीवर पातेलं ठेवलं आणि त्यात एक अंडं सोडलं. जन्मात त्यांनी चुलीवर शेंगांपलीकडं काही ठेवलं नव्हतं. किती वेळ उकडायचं हेही माहीत नव्हतं, आणि आईनं सांगितलं नाही. ती त्यांच्याकडं पाठ करून भाकरी थापत राहिली. मग अंडं घेऊन दादा अक्काच्या समोर मांडी घालून बसले. सोलताना टरफलाबरोबर पांढरं निघून येत होतं.

"कमळे, बघ हिकडं."

अक्कानं डोळे उघडले. दादांनी ते अंडं तोंडाशी नेलं आणि निम्मं तोडलं. तोडताक्षणी त्यांना उमळून आलं. मान फिरवली, छातीवर हात दाबला, डोळ्यांतनं पाणी आलं, पण तोंडातलं टाकलं नाही. चावलं आणि गिळलं.

"दादा!" अक्का उठून बसली. "थुका! थुका की त्ये!"

"गिळलं. माजं मोडलं. आता तू कुनासाटी धरून बसलीस?"

"लोक काय म्हंतील तुमास्नी?"

"त्ये मी बगीन. भंतेला मी जाऊन सांगीन, मीच खाल्लं म्हनून. तू खा. खा, माज्या बाई." दादांना मी रडताना पहिल्यांदा बघितलं. उरलेलं निम्मं अंडं त्यांच्या तळहातावर होतं. अक्का त्या हाताकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

आई मागं न वळता म्हणाली, "मीठ लावा की त्येला."

मी पळत जाऊन मीठ आणलं. माझ्या हातातनं कुणी घेईल की नाही, या भीतीनं वाटी दादांच्या गुडघ्याजवळ ठेवली आणि मागं सरले. अक्कानं चिमूटभर मीठ घेतलं, अंड्यावर टाकलं, आणि घास तोडला. चावत चावत रडत होती, तिचं तिलाच मध्ये हसूही आलं, कारण दादांच्या मिशीला पिवळं लागलं होतं. मग हातात उरलेला तुकडा तिनं माझ्यापुढं धरला.

"धर गं चुगलखोरे. बगत काय बसलीस?"

मी तो तुकडा तोंडात टाकला आणि मोठ्यानं रडायला लागले. दादांना वाटलं, मला अंडं सोसलं नाही. ते पाणी आणायला उठले. मला पाणी नको होतं. अक्का माझ्याशी बोलली होती.